गुळाचा डबा आणि फ्रिजचं बटण

माझी साखर वाढायला लागली तेव्हा घरातला गुळाचा डबा माळ्यावर गेला. मला न विचारता. जुन्या टेबलफॅनच्या खोक्यामागे, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी. स्टुलावर चढायचं म्हटलं की माझे गुडघे बोंब मारतात, हे नवऱ्याला चांगलं ठाऊक. त्यामुळे डबा कुठे ठेवलाय हे लपवायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. वर्गात कोण खोटं बोलतंय ते मला पोरांच्या कानांवरून कळायचं. आणि आता उतारवयात मलाच बाकावर उभं केलेलं. मी गूळ खाल्ला नव्हता. पेढा नाही, जिलेबी नाही, शेजारच्या बारशाचा लाडूसुद्धा पदरात बांधून आणून यांना दिला होता. पण साखर वर चालली होती आणि साखर काही आपोआप वाढत नाही, असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. सगळे म्हणजे नवरा, पुण्याहून फोनवर बोलणारी मुलगी आणि शिवाजी पेठेतली माझी थोरली बहीण. एवढी माणसं एका बाजूला असली की दुसरी बाजू आपोआप खोटी ठरते.

राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहतो. हे उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते, पुढे मशीनशॉप सांभाळायला लागले. निवृत्त होऊन घरी बसले आणि माझ्या स्वयंपाकघराचे वाईट दिवस सुरू झाले. घरात मशीन म्हणावं असं त्यांच्या हाताला लागणारं एकच होतं, आमचा एका दाराचा फ्रिज. मिक्सरला मी हात लावू दिला नाही.

पहिल्यांदा त्यांनी फ्रिजवरचा क्रोशाचा रुमाल काढला. मग त्यावरचे पापडाचे डबे, कॅलेंडरची गुंडाळी, देवळातून आलेल्या नारळांची रांग, सगळं खाली. "मशीनच्या डोक्यावर सामान ठेवत्यात व्हय?" म्हणाले. मग फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला. मागच्या काळ्या जाळीवर जमलेली धूळ जुन्या टूथब्रशने काढली. ही जाळी गरम हवा बाहेर टाकते, ती कोंडली की मशीन जास्त वेळ चालतं आणि लाईटबिल चढतं, हे मला त्यांनी शिकवायला बसल्यासारखं समजावलं. मग दाराच्या रबराची परीक्षा. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर ढिलं. आमची एका कोपऱ्यात सहज निघाली, तर त्यांनी ते रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून, कापडाने शेकून पुन्हा बसतं केलं. बर्फाच्या कप्प्यात बर्फ जरा दाट झाला की फ्रिज बंद करून तो वितळवायचा, सुरीने टोकरायचा नाही. गरम आमटीचं पातेलं घेऊन मी फ्रिजकडे नुसती वळले तरी हे दारात आडवे. आधी गार होऊ दे, झाकण लाव, मग आत.

हे सगळं बरोबर होतं. म्हणून तर मला जास्त राग यायचा. चुकीचं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

माझ्या इन्सुलिनच्या बाटल्यांची जागाही त्यांनीच ठरवली. वरचा कप्पा, अगदी मागे, भिंतीला टेकवून, एका प्लास्टिकच्या डबीत. कारखान्यात महागाचा पार्ट कपाटात सगळ्यात आत ठेवतात, तसा. मला बाटली काढायला दुधाचं पातेलं, दह्याचं गाडगं आणि लोणच्याची बरणी ओलांडून हात घालावा लागायचा. बोलले तर म्हणाले, "औषध हाय ते. दारात ठिवायला काय तिकीट हाय बसचं?"

उन्हाळा सरला, पाऊस आला, आणि साखर चढतच राहिली. आमच्या डॉक्टर राजारामपुरीतच आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या विचारायच्या, "काकू, गोड काही?" मी नाही म्हणायचे. शेजारच्या खुर्चीवरून हे खाकरायचे. एक शब्द बोलायचे नाहीत, नुसतं खाकरायचे. डॉक्टर त्यांच्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे, आणि खाली मान घालून डोस वाढवून द्यायच्या. तेवढ्या खाकरण्याने माझी अख्ख्या नोकरीची अब्रू जायची.

मुलगी फोनवर म्हणायची, "आई, आपल्या आपल्यात खरं सांग." आपल्या आपल्यात! म्हणजे बाहेर सांगितलं ते खोटं, हे धरूनच चालली होती. आणि बहीण? दर सोमवारी सकाळी मी शिवाजी पेठेत तिच्याकडे जाते. तिला फारसं हिंडता येत नाही, म्हणून तिचे केस विंचरून देते, दोघी चहा घेतो. ती माझ्या बिनसाखरेच्या चहाकडे बघून हसायची. "माझ्यासमोर कशाला सोंग करतीस गं? लहानपणी ढेप फोडताना निम्मी तूच खायाचीस की!" लहानपणी खायची. म्हणून म्हातारपणी खाते. मी त्या दिवशी तिची वेणी जरा घट्टच घातली.

माणसाला आपण निर्दोष आहोत हे माहीत असलं की तो चोर शोधायला लागतो. मी सगळ्यांवर संशय घेतला. साखर मोजायचं यंत्र खोटं बोलतंय म्हणून बहिणीच्या जावयाच्या यंत्रावर मोजून पाहिली. तेच. मेडिकलवाला जुना माल देतोय म्हणून बाटलीवरची तारीख चष्मा लावून वाचली. बरोबर होती. आणि या सगळ्या भानगडीत भाजीवालीशीही माझं वाजलं. रविवारी घेतलेली कोथिंबीर मंगळवारी काळी पडून गळायची. काकडी काचेसारखी पारदर्शक, दाबली की पाणी. दुधावरच्या सायीत करकरीत खडे. मी तिला मंडईत सगळ्यांसमोर विचारलं, काय शिळं देतेस? ती म्हणाली, "सगळी पेठ न्हेतीया माझी कोथमीर, तुझ्याच घरात कशी काळी पडती बाई?" मी तिच्याकडून घेणं बंद केलं. दुसरीकडची कोथिंबीरही मंगळवारी काळी. मग मला वाटलं, सगळ्या भाजीवाल्या आतून एक आहेत.

असं चाललं असताना एका शनिवारी मी मेथी निवडत बसले होते. डोस वाढत गेल्याने बाटली लवकर तळाला गेली होती, म्हणून आदल्या संध्याकाळी नवी आणली होती आणि सकाळी तीच उघडून टोचून घेतलं होतं, वाढलेल्या डोसाने. अचानक घाम सुटला. नुसता घाम नाही, ब्लाउज चिंब. हाताला कंप आला, मेथीची काडी बोटांत राहीना. "अहो" म्हणाले ते मला स्वतःला लांबून ऐकू आलं.

हे आले, माझा चेहरा बघितला आणि स्टूल ओढलं. म्हातारा माणूस, पण माळ्यावर असा चढला की मला त्याही अवस्थेत भीती वाटली. टेबलफॅनचं खोकं धाडकन खाली आलं. डबा उघडून त्यांनी गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला. "खा! खा म्हणतोय न्हवं!" एवढे महिने जो माझ्यापासून लांब ठेवला तो गूळ स्वतःच्या हाताने भरवत होते. गूळ गोड लागला, हे सांगायला मला लाज नाही. मला रडू आलं. साखर कमी झाल्यामुळे आलं असेल, पण आलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आधीचाच डोस, मग आजच साखर इतकी खाली कशी? त्यांनी विचारलं, "काकू, बाटली नवी उघडली होती का?" होती. "फ्रिजमध्ये आधीची एखादी शिल्लक आहे?" होती. हे जाऊन घेऊन आले. डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरून सावकाश फिरवली. आत बारीक कण होते, काचेला आतून पांढरी कणी चिकटलेली.

"हे गोठून गेलंय," त्या म्हणाल्या. "गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही इतके दिवस हेच टोचत होता, म्हणून साखर उतरत नव्हती. मी डोस वाढवत गेले आणि काल चांगली बाटली हातात आली." त्यांनी डोस पुन्हा खाली आणला. बाटल्या मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला ठेवायला सांगितल्या, बर्फाच्या कप्प्यापासून आणि मागच्या भिंतीपासून लांब. मग यांच्याकडे वळून विचारलं, "काका, तुमचा फ्रिज गोठवतो का?"

"आमचा फ्रिज?" यांची छाती पुढे आली. "मॅडम, मी सोता बघतोय त्येच्याकडं. एकदम टकाटक हाय."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी वाट बघत होते. एक वाक्य. तू खाल्ला नव्हतास, एवढंच. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "बाटली गोठली म्हणाल्या त्या. गूळ खाल्ला न्हाय असं कुठं म्हणाल्या?"

घरी आल्यावर मी आधी बाटल्यांची डबी भिंतीपासून काढून मधल्या कप्प्यात पुढे ठेवली.

आता माझा सगळा संशय फ्रिजवर आला. मी मेकॅनिक बोलावला. त्याने दार उघडायच्या आधीच सांगितलं, गॅस गेलाय. मी म्हटलं, गॅस गेला असता तर गार कमी व्हायला पाहिजे, आमच्याकडे गोठतंय. तो म्हणाला, मग थर्मोस्टॅट. हे मध्ये पडले आणि त्याला चहा न देता वाटेला लावलं. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी आमचं दोघांचं एकमत झालं. पण नंतर मला वाटलं, यांना एवढी घाई का? आपल्या फ्रिजवर बोट ठेवलेलं खपलं नाही, की आणखी काही आहे? मी यांच्या कानांकडे बघितलं. लाल होते. पण यांचे कान कधीही लाल असतात.

नवरात्रात मुलगी पुण्याहून आली. खंडेनवमीला हे पहाटे उठून अंघोळ करून तयार. कारखान्यात असताना या दिवशी सगळी मशीनं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून ठेवायचे, आणि त्या दिवशी एकही मशीन चालवायचं नाही. निवृत्त झाले तरी पाटावर त्यांची मोजपट्टी, हातोडी, मायक्रोमीटर मांडलेला असतोच. यंदा त्यांनी फ्रिजच्या दारावरही कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हँडलला हार घातला. मुलगी फोनवर फोटो काढत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि मग त्यांनी वाकून फ्रिजचं बटण बंद केलं.

"अहो, हे काय?"

"खंडेनवमी हाय. आज मशीनला सुट्टी."

"आत दूध आहे. माझं इन्सुलिन आहे."

"तासा-दोन तासांचा तर प्रश्न हाय. दर सोमवारी काय मरतंय व्हय त्यातलं?"

मुलीचा फोन हातातच राहिला. मी म्हटलं, "दर सोमवारी?"

वर्गात एखादं पोर नको ते बोलून जातं आणि मग तोंडावर हात ठेवतं, तसे हे उभे. पण बोलले. सापडले म्हणून नाही, तर यात काही चूक आहे असं त्यांना वाटतच नव्हतं म्हणून. त्यांच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी असायची. माणसाला तशी मशीनलाही. "बारा महिनं तेरा काळ चालतंय बिचारं. लेथसुदिक आठवड्याला गार व्हतो." म्हणून उन्हाळ्यापासून, मी सोमवारी शिवाजी पेठेला गेले की हे फ्रिज बंद करायचे, आतून पुसायचे आणि दार किलकिलं ठेवायचे. मी यायच्या आधी चालू. पण पाणी गार नसलं तर मला कळणार आणि मी बडबड करणार, म्हणून गारवा कमीजास्त करायचा आतला आकड्यांचा खटका शेवटपर्यंत फिरवायचे. कारखान्यात सुट्टीनंतर ओव्हरटाइम काढतात ना, तसं. मंगळवारी सकाळी आठवण झाली की पुन्हा खाली.

सोमवारी रात्रभर तो फ्रिज सगळं बळ लावून गार करत होता. मागच्या भिंतीला बर्फ धरत होता. आणि त्या भिंतीला टेकून, महागाचा पार्ट म्हणून, माझं इन्सुलिन. कोथिंबीर, काकडी, सायीतले खडे, सगळं माझ्या डोळ्यांसमोर ओळीने उभं राहिलं. भाजीवाली बिचारी.

"बाबा, मशीनला सुट्टी दिली की ते नंतर दुप्पट राबतं, उलट वीज जास्त जाते," मुलगी म्हणाली. मग तिला हसू फुटलं. माझ्याकडे बघून ते थांबलं.

मला हसू आलं नाही. मला इतका राग आला की देवासमोर आहोत हे मी विसरले. मी म्हटलं, त्या लोखंडाला आठवड्याची सुट्टी, आणि मी माझ्या सोमवारीसुद्धा भाकरी थापून मगच बहिणीकडे जाते. त्या लोखंडाची एवढी काळजी, आणि मला तुम्ही उन्हाळ्यापासून डॉक्टरांसमोर, मुलीसमोर चोर ठरवलंत. माझ्यावर जीव जायची वेळ आणलीत. आता म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा की मी गूळ खाल्ला नव्हता.

मुलीने मान खाली घातली. "आई, माझं चुकलं," ती म्हणाली. तिचं मी लगेच पोटात घातलं. यांनी वाकून फ्रिजचं बटण चालू केलं. खटका मधल्या आकड्यावर आणला. हारातला एक झेंडू खाली पडला होता तो उचलून परत खोवला. तेवढंच.

दसऱ्यानंतर मुलगी गेली. एका सकाळी बघते तर गुळाचा डबा माळ्यावरून खाली, चहापत्तीच्या डब्याशेजारी. हे त्यांच्या चहात गूळ घालून घेत होते आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसून होते. या माणसाकडून माफी येईल तर अशीच येणार, डब्यातून. मला भरून आलं. त्या दिवशी मी त्यांच्या आवडीची मसूरची आमटी केली.

पण भरून येणं वेगळं आणि सोमवार वेगळा. बहिणीकडे जायच्या आधी मी एक बारीक टिकली घेऊन फ्रिजच्या बटणावर लावायला लागले, अर्धी बटणावर, अर्धी बोर्डावर. बटण हललं की टिकली सुटणार. दर सोमवारी परत आल्यावर चप्पल काढायच्या आधी टिकली बघायची. कधीच सुटलेली नव्हती. तरी पुढच्या सोमवारी नवी लावायची.

साखर ताळ्यावर आली. पुढे थंडीत मला सर्दीताप झाला आणि सकाळी मोजली तर पुन्हा चढलेली. तापात चढते, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. यांनी आकडा बघितला, खाकरले नाहीत. गुडघ्यावर बसले आणि फ्रिज उघडला. दसऱ्यानंतर फ्रिजमध्ये ठेवायचा एक थर्मामीटर आणला होता, तो मधल्या कप्प्यातून काढून खिडकीपाशी नेऊन वाचला. मागच्या भिंतीवर हात फिरवला. बाटली हलवून उजेडाकडे धरली, डॉक्टरांनी धरली होती अगदी तशी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता हे बघून दुसरी एखादी बाई सुखावली असती. मला मात्र शंका आली. खरंच विश्वास बसलाय, की नुसतं ओशाळं वागणं चाललंय? वर्गात मी पोरांची अशी चाचणी घ्यायचे. मी उशीवरूनच म्हटलं, "फ्रिजला कशाला त्रास देता? मी गूळ खाल्ला."

त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "न्हाय खाल्लेला."

माझा ताप निम्मा उतरला. ज्या वाक्यासाठी मी एवढे महिने जीव टाकला ते असं सहज, भाजीचा भाव सांगितल्यासारखं आलं होतं. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी विचारलं, "तुम्हाला काय माहीत?"

हे उठले, गुळाचा डबा घेऊन आले आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. झाकणाच्या काठावर आणि खाली डब्याच्या अंगावर, सुईने ओढावी तशी बारीक रेघ होती. मशीनचे दोन भाग खोलण्याआधी मारतात तशी, परत बसवताना जुळवायला. "चहाला गूळ घेतला की मी रेघ जुळवून झाकण लावतोय. दुसऱ्या कुणी उघडलं की जुळत न्हाय. बघ, जुळलीया. दसऱ्यापास्नं एकदाबी चुकल्याली न्हाय." सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. जणू मला बक्षीस देत होते.

म्हणजे डबा खाली आला तो खूण करूनच आला होता. जिला माफी समजून मी मसूरची आमटी केली, ती ही. माझ्या शब्दाला या घरात अजूनही एका रेघेची साक्ष लागत होती. मी उठून बसले. "म्हणजे अजून माझ्यावर खूण? लाज नाही वाटत?"

हे शांतपणे डब्याचं झाकण दाबत म्हणाले, "आन् तुझी टिकली?"

मी पांघरूण नीट करायला लागले.

"दर सोमवारी फ्रिजला टिकली लावून जातीस. मी काय म्हणालो का कधी?" त्यांनी डबा जागेवर नेऊन ठेवला आणि माझ्यासाठी आल्याचा चहा टाकला. बिनसाखरेचा.

पुढच्या सोमवारी मी भाकऱ्या केल्या, साडी नेसले, टिकल्यांचं पाकीट उघडलं. एक कपाळाला लावली आणि पाकीट मिटून टाकलं. हे बाहेरच्या खोलीत बसून बघत होते. शिवाजी पेठेत बहिणीने विचारलं, आज गप का? मी तिची वेणी सैलसर घातली. दुपारी घरी आले, चप्पल काढली, पदर खोचला. गुळाचा डबा चहापत्तीशेजारी होता. झाकण रेघेवर नव्हतं, मुद्दाम वाकडं लावलेलं होतं. मी ते तसंच राहू दिलं. मग फ्रिजच्या दारावर हात ठेवला आणि चालू आहे का ते ऐकलं.